फोनमधून मांडवात

‘गुलाबी साडी’ हे मराठी पॉप गाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शब्द, चाल आणि आवाज संजू राठोड यांचा, संगीतसंयोजन जी-स्पार्क यांचे, आणि चित्रफितीत राठोड यांच्यासोबत प्राजक्ता घाग. राठोड जळगाव जिल्ह्यातले, बंजारा समाजातले. गाण्यामागे चित्रपट नव्हता, मालिका नव्हती, जुना नावाजलेला संगीतकारही नव्हता. तरी उन्हाळ्यात ते इन्स्टाग्रामवर जिकडेतिकडे वाजू लागले. माधुरी दीक्षित यांनी त्यावर ठेका धरला, मराठीचा गंध नसलेल्यांनी त्यावर रील बनवल्या, आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर झळकलेले पहिले मराठी गाणे म्हणून त्याच्या बातम्या आल्या.

अशा यशाचा हिशेब कोटींमध्ये मांडायची पद्धत पडली आहे. इतके कोटी व्ह्यूज, इतके लाख रील. पण हे आकडे गाणे किती जणांच्या अंगठ्याखालून सरकले एवढेच सांगतात. ते पुढे कोणाच्या घरात राहिले, कोणत्या कार्यात मानाने वाजले, हे आकड्यांत येत नाही आणि गाण्याच्या आयुष्याच्या दृष्टीने तेच जास्त मोलाचे आहे. ते पाहायचे तर एखादे गाव निवडून बघावे लागते, आणि त्यासाठी ऐरोलीइतके सोयीचे ठिकाण मुंबईच्या आसपास क्वचितच सापडेल.

ऐरोली म्हणजे एका नावाखाली नांदणारी दोन-तीन गावे आहेत. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता. मध्ये ऐरोली आणि दिवा ही आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको महामंडळ स्थापन झाले, शेतजमिनी आणि मिठागरे नव्या शहरासाठी संपादित झाली, आणि गावठाणांभोवती आकड्यांची नावे असलेले सेक्टर उभे राहिले. १९९९ मध्ये मुलुंडकडे जाणारा खाडीपूल झाला, २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्गावरचे रेल्वे स्थानक सुरू झाले, आणि मग माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आल्या. आज संध्याकाळी स्थानकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत खानदेश, मराठवाडा, कोकण, घाट, शिवाय केरळ, उत्तर प्रदेश आणि बंगाल अशा सगळ्या मुलखांची माणसे असतात. गावठाणातली हळद, सेक्टरमधल्या सोसायटीचा गणपती आणि कंपनीतला ‘एथनिक डे’ या तिन्ही ठिकाणी एकच गाणे वाजले, तर त्याने खरोखर काहीतरी ओलांडले असे म्हणता येते. २०२४ च्या लग्नसराईत आणि त्यानंतरच्या गणपती-नवरात्रात ‘गुलाबी साडी’ने हे केले.

गाणे साथीसारखे पसरणे मराठी समाजाला नवे नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला ‘गीत रामायणा’चे एक गीत प्रसारित होई, तेव्हा रेडिओ असलेल्या घरात अख्खी आळी जमत असे. छप्पन्न गीते, वर्षभराचा काळ, आणि पुढच्या आठवड्याची वाट. शांता शेळके यांची कोळीगीते हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकांवर आली आणि ज्यांच्यावर लिहिली होती त्या कोळीवाड्यांनीच ती आपली म्हणून नाचायला घेतली. हा प्रवाह शहराकडून खाडीकडे होता. कॅसेट आली आणि तो उलटा फिरला. ‘वेसावकर आणि मंडळी’सारख्या संचांनी वेसाव्याची गाणी वेसाव्याच्याच गळ्यातून महाराष्ट्रभर पोहोचवली; आनंद शिंदे यांचा आवाज टेम्पोत, पानपट्टीवर, एसटी स्टँडवर, वरातीत सगळीकडे घुमू लागला. कॅसेट स्वस्त होती, कॉपी करता येत होती, आणि ती कोणत्या दुकानात ठेवायची हे कुठल्या निवड समितीला विचारावे लागत नव्हते. मराठी लोकप्रिय संगीताच्या इतिहासात कॅसेटच्या त्या काळाला अजून हवा तसा मान मिळालेला नाही. आजचे स्वतंत्र मराठी पॉप त्याच वाटेने आले आहे.

इंटरनेटच्या काळातला पहिला मोठा भारतीय धक्का नोव्हेंबर २०११ मध्ये तमिळमधून बसला, धनुष आणि अनिरुद्ध यांच्या ‘कोलावेरी डी’ने. मराठीत २०१५ च्या सुमारास ‘शांताबाई’ गाजले, २०१६ मध्ये ‘सैराट’मधले अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ आले, आणि २०१७ मध्ये ‘सोनू’. शेवटच्या दोन गाण्यांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. ‘झिंगाट’ चित्रपटाच्या खांद्यावर बसून आले. नंतर हिंदी आणि कन्नडमध्ये गेले तेही चित्रपटांतूनच. ‘सोनू’ला खांदा नव्हता. त्याची बांधणी प्रश्न-उत्तराची, त्यामुळे जो तो आपापल्या तक्रारी त्यात भरू लागला. मुंबईतल्या खड्ड्यांवर आरजे मलिष्का यांनी केलेली आवृत्ती मूळ गाण्याइतकीच गाजली आणि महापालिकेपर्यंत जाऊन भिडली. तिथे ऐकणाराच शब्दरचनाकार झाला होता.

त्यानंतर तीन वर्षांनी मंच बदलला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. लहान गावांतल्या, वस्त्यांतल्या, गावठाणांतल्या मुलामुलींनी टिकटॉकवर कमावलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. त्यांचे दुःख तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. रीलची मर्यादा सुरुवातीला पंधरा सेकंदांची होती, पुढे ती वाढत गेली, पण सवय पंधरा-वीस सेकंदांचीच राहिली. तेवढ्यात पूर्ण गाणे मावत नाही. एक ध्रुवपद मावते, एक गिरकी मावते, एक कटाक्ष मावतो.

रील लोकांपुढे कशी जाते याबद्दल इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये स्वतःच थोडा खुलासा केला होता. एखादी रील कोणाला दाखवायची हे ठरवताना माणूस ती शेवटपर्यंत पाहील का, तिला लाइक करील का, याचा अंदाज यंत्रणा बांधते. त्यात आणखी एक कसोटी आहे: तो माणूस रीलखालच्या ऑडिओच्या नावावर टिचकी मारून त्या पानावर जाईल का? कारण त्या पानावर जाणारा बहुधा स्वतःची रील बनवायच्या विचारात असतो. म्हणजे आवडलेले गाणे आणि करून बघावेसे वाटलेले गाणे यांत यंत्रणा फरक करते आणि दुसऱ्याचीही वेगळी दखल घेते. गाणे ट्रेंडिंग झाले की त्याच्या नावाशेजारी वर जाणारा छोटा बाण दिसू लागतो, आणि तो बाण पाहून आणखी लोक तेच गाणे उचलतात. इथे नुसत्या श्रोत्याने भागत नाही. गाण्याला हातपाय देणारी माणसे लागतात.

‘गुलाबी साडी’ची गुणवत्ता इथे दिसते, आणि ती योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. गाण्याचा विषय अगदी साधा आहे: गुलाबी साडी नेसलेली, ओठांना लाली लावलेली मुलगी आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते आहे. रीलमध्ये नेमके काय करायचे, हे गाण्यातच आहे. साडी नेसायची, नटायचे, कॅमेऱ्याकडे बघायचे, आणि समोरच्याला बघायला लावायचे. नाचाच्या अवघड पायऱ्या नाहीत, त्यामुळे वय आडवे येत नाही. वेगळा पोशाख शिवायला नको, कारण गुलाबी साडी नाही असे मराठी घर शोधावे लागेल. आईची पैठणी चालते, मावशीची सिंथेटिक चालते, वास्तुशांतीला आहेर म्हणून आलेली, घडीही न मोडलेली चालते. शिवाय ‘सोनू’प्रमाणे शब्द बदलायची गरज नाही, शब्द तेच राहतात, त्यात शरीर प्रत्येकीचे स्वतःचे येते.

आणि त्यासाठी लागणारी सवय वीस वर्षांपासून तयार होती. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नवरात्राच्या नऊ दिवसांना नऊ रंग नेमून दिले. धर्मशास्त्रात त्याला आधार नाही असे अनेकांनी सांगून पाहिले, पण बायकांनी तो खेळ मनापासून उचलला. लोकलच्या महिला डब्यात, बँकेत, शाळेच्या शिक्षक खोलीत, ऐरोलीतल्या कंपन्यांच्या जिन्यावर एका रंगाच्या साड्यांतल्या बायका एकत्र उभ्या राहून फोटो काढू लागल्या आणि वर्तमानपत्राकडे पाठवू लागल्या. रंग ठरवून साडी नेसायची, मैत्रिणींना निरोप द्यायचा, कामाच्या ठिकाणी संकोच न करता कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे, हा सराव रील येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. या बायकांना चमकण्याची हौस आहे असे नाक मुरडून बोलणारे पुष्कळ भेटतात. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या बाईने दिवसातली पाच मिनिटे स्वतः दिसण्यासाठी घेतली, तर त्यात नाक मुरडण्याजोगे काय आहे, हे मात्र ते सांगत नाहीत. ‘गुलाबी साडी’ या हौसेची बाजू घेते. गाण्यातली मुलगी फोटोसाठी आर्जव करत नाही, हक्काने सांगते.

सोसायटीच्या गच्चीवर अशी एखादी रील कशी होते ते पाहण्यासारखे असते. वेळ साडेपाचची, ऊन तिरपे झालेले. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर फोन उभा करायचा, तो घसरू नये म्हणून मागे पाण्याची बाटली. पहिला तुकडा घरच्या गाऊनवर किंवा सलवार-कुर्त्यावर: हात पुढे करून तळवा लेन्सवर ठेवायचा, तिथे चित्रण थांबवायचे. मग खाली घरात जाऊन साडी. यात अर्धा तास जातो, कारण पदराच्या निऱ्या एकसारख्या बसल्या नाहीत तर सगळे फिसकटते, आणि पिना कोणीतरी तोंडात धरून उभे राहावेच लागते. पुन्हा गच्ची, पुन्हा तळवा लेन्सवर, आणि हात बाजूला सारताच साडीतली बाई. दोन तुकडे जोडले की एका ठेक्यावर गाऊनची साडी होते. पाहणाऱ्याला बारा सेकंद दिसतात. करणारीला तास लागलेला असतो, जावेची किंवा शेजारणीची मदत लागलेली असते, आणि रील चढवल्यावर रात्री भावजयीचा, जुन्या वर्गमैत्रिणीचा, गावच्या चुलतीचा बदाम येतो तेव्हा तो तास वसूल झालेला असतो. व्हायरल या एका शब्दामागे अशा लाखो गच्च्या असतात.

गावठाणात गाणे वेगळ्या वाटेने शिरते. आगरी-कोळ्यांत लग्नापेक्षा हळद मोठी. घरासमोरच्या गल्लीत मांडव पडतो, जेवणावळी उठतात, आणि रात्री बेंजो पार्टी बसते. मूळ वाद्य तारांचे, टंकलेखन यंत्रासारखी बटणे असलेले बुलबुलतरंग. त्याला वीज जोडली, शेजारी कीबोर्ड, ताशा, ढोल, ऑक्टोपॅड आले आणि संचाला बेंजो हे नाव पडले. बेंजोत बहुधा गायक नसतो. गाण्याची चाल वाद्यावर वाजते, शब्द नाचणाऱ्यांच्या तोंडात असावे लागतात. म्हणून बेंजोवाल्यांकडे गाणे येते ते लोकांना पाठ झाल्यावरच. फोनवर महिनाभर गाजून विरलेली शेकडो गाणी या दारातून आत येतच नाहीत. ‘गुलाबी साडी’ आले, आणि येताना त्याला तिथल्या चालीरीती पाळाव्या लागल्या. सहा मात्रांच्या कोळी ठेक्यात बसवायचे तर चालीला थोडा झोल द्यावा लागतो. जुन्या कोळीगीताच्या शेपटाला ते जोडायचे, दोन आवर्तनांनी लय चढवायची, आणि नवरदेवाची आत्या मध्ये आली की पुन्हा सुरुवातीपासून वाजवायचे. डीजेच्या भिंतीवर मूळ ध्वनिमुद्रण वाजते तेव्हा ते संजू राठोड यांचे गाणे असते. बेंजोवर वाजते तेव्हा त्यावर त्या गल्लीचाही हात फिरलेला असतो.

याच मांडवात पूर्वी धवलारीण बसत असे. आगरी समाजातल्या लग्नाचे विधी धवले गाऊन पार पाडणारी ही बाई. हळद दळण्यापासून मुलगी सासरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक पायरीचे गाणे तिला मुखोद्गत, आणि ते तिने कोणत्याही कागदावरून शिकलेले नसे, आधीच्या धवलारणीच्या मागे बसून उचललेले असे. आता धवले येणाऱ्या बायका थोड्या उरल्या आहेत. फोनवरच्या गाण्यांनी त्यांना हुसकावले असे म्हणणे सोपे आहे, पण कालक्रम तसा नाही. जमिनी गेल्या, भातशेती संपली, मुली शाळा-कॉलेजात गेल्या, लग्ने भटजींकडे आणि हॉलमध्ये गेली. धवल्यांची जागा त्याच काळात रिकामी होऊ लागली होती, स्मार्टफोन हाती येण्याच्या बऱ्याच आधी. तरीही हानी ती हानीच आहे. धवल्यात वधूवरांच्या घरच्या माणसांची नावे घेतली जातात, कुळाची, देवकाची आठवण होते. कोणतेही व्हायरल गाणे, कितीही गोड असले, हे काम करू शकत नाही. धवलारणी आहेत तोवर त्यांचे धवले त्यांच्याच आवाजात, त्यांच्या नावानिशी मुद्रित व्हायला हवेत. त्यासाठी लागणारे यंत्र आज प्रत्येक मांडवात प्रत्येकाच्या खिशात आहे.

पैशाचे गणित फोन आणि मांडव या दोन जगांत अगदी निराळे चालते. ‘गुलाबी साडी’ बिलीव्ह या मूळच्या फ्रेंच कंपनीच्या भारतीय शाखेच्या साथीने बाजारात आले. अशा कंपन्या गाणे सगळ्या मंचांवर एकाच वेळी पोहोचवतात आणि त्याची मालकी नोंदवून ठेवतात. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून दुसऱ्याच्या व्हिडिओत वाजणारे गाणे ओळखते आणि जाहिरातीचे उत्पन्न हक्कदाराकडे वळवते. रीलवर वाजणाऱ्या गाण्यांसाठी मेटा कंपनी परवाना शुल्क देते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा असा बांधून दिला की तो लिहून देऊनही जात नाही. कॅसेटच्या काळात किती तरी शाहीर आणि गायक एकरकमी मानधन घेऊन घरी गेले, आणि त्यांची गाणी पुढे वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या नावावर विकली गेली. स्वतः लिहिणाऱ्या, स्वतः गाणाऱ्या तरुणाला स्वतःच्या गाण्यावर हक्क राहतो, ही आजच्या पद्धतीची सगळ्यात चांगली बाजू आहे.

मांडवात मात्र हे गणित थांबते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांसाठी अपवाद आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळेही त्यात धरले आहेत. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जाहीर सूचना काढून लग्नातल्या गाण्यांसाठी रॉयल्टी मागू नये असे बजावले. गोवा सरकारने त्या आधारे काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले, पण कायद्यातला अपवाद जागेवर आहे. तो असावाही. गरिबाच्या हळदीत परवान्याची पावती मागायला कोणी येऊ नये. मात्र त्यामुळे असे होते की गाणे जिथे वर्षानुवर्षे टिकते तिथून गायकाला दमडी मिळत नाही, आणि जिथे काही आठवड्यांत जुने होते तिथून जे मिळायचे ते मिळते.

हा तोटा भरून निघतो तो सुपारीतून. दहीहंडी, गणेशोत्सव, नवरात्र, राजकीय नेत्यांचे वाढदिवस, कॉलेजचे महोत्सव यांसाठी गायकाला बोलावणे येते, आणि मराठी कलाकाराचे घर बहुतांशी त्यावर चालते. ऐरोलीतही दहीहंडीला मोठे मंच उभे राहतात. मंडळाचा कार्यकर्ता कलाकार ठरवताना फोनमधले आकडे पाहतो हे खरे, पण त्याच्या कानात गेल्या लग्नसराईत आपल्या गल्लीत काय वाजले तेही असते. एप्रिल २०२५ मध्ये राठोड यांचे ‘शेकी’ आले, ईशा मालवीय त्याच्या चित्रफितीत होत्या, आणि रीलवर तेही झपाट्याने फिरले. बेंजोवाल्यांना त्याची चाल बसवून, तालमीत घोटून, एखाद्या हळदीत वाजवून बघायला रील पसरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ‘गुलाबी साडी’ त्यांच्या ठरलेल्या गाण्यांत आधीच बसलेले आहे.